पुण्यात वाहतूक पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली तर

नांदेड, लातूर किंवा जळगावहून शिक्षणासाठी पुण्यात येणारे अनेक विद्यार्थी घरची दुचाकी सोबत आणतात. एमएच-२६, एमएच-२४ किंवा एमएच-१९ अशी पाटी असलेली ही गाडी पहिल्या काही महिन्यांतच अलका टॉकीज चौकात, नळ स्टॉपला किंवा विद्यापीठ चौकाच्या आसपास केव्हातरी अडवली जाते. अशा वेळी नवखा माणूस एक तर घाबरून मागतील ते देऊन सुटका करून घेतो, नाही तर अर्धवट ऐकीव माहितीवर हुज्जत घालतो, आणि दोन्हींत नुकसान त्याचेच होते. पुढील मार्गदर्शन मोटार वाहन अधिनियम, १९८८, त्यात २०१९ मध्ये झालेली दुरुस्ती आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या आधारे लिहिले आहे. कागदपत्रे मागणारा कोण आहे, कारवाई कोणत्या कलमाखाली होत आहे आणि त्या कारवाईची कोणती नोंद आपल्याला मिळणार आहे, एवढ्या तीन गोष्टींवर शेवटपर्यंत लक्ष ठेवावे.

घरातून निघण्याआधी

सोबत चार कागद हवेत: वाहन परवाना, आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र), विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र). नोव्हेंबर २०१८ मध्ये नियम १३९ बदलला आणि तेव्हापासून हे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवले तरी ते ग्राह्य धरले जातात. मात्र ते डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अ‍ॅपमधून दाखवावे लागतात. परवान्याचा फोटो काढून गॅलरीत ठेवला, किंवा भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर तो केवळ फोटो असतो, आणि पोलिसाने तो नाकारल्यास त्याला दोष देता येत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कागदपत्रांची इलेक्ट्रॉनिक पडताळणी झाली असेल, तर तपासणीसाठी त्यांच्या मूळ प्रती मागता येत नाहीत. चौकात नेटवर्क मिळाले नाही की ऐनवेळी पंचाईत होते, म्हणून डिजिलॉकरमधील कागद आधीच उतरवून घ्यावेत आणि शक्य असल्यास परवान्याचे मूळ कार्ड पाकिटात ठेवावे.

परवाना कोणत्याही राज्यातील किंवा जिल्ह्यातील असला तरी तो संपूर्ण भारतात चालतो. "पुण्यात पुण्याचे लायसन लागते" या समजाला आधार नाही. राज्यातीलच दुसऱ्या जिल्ह्याची पाटी असेल तर गाडीची फेरनोंदणीही करावी लागत नाही. पिंपरी-चिंचवडच्या एमएच-१४ गाड्या पुण्यात अशाच फिरत असतात. परराज्यातील गाडीचा नियम वेगळा आहे: ती महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची असेल तर कलम ४७ नुसार येथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यामुळे कर्नाटक किंवा तेलंगणाची पाटी असणाऱ्याने गाडी महाराष्ट्रात केव्हा आली हे दाखवणारा एखादा कागद, उदाहरणार्थ भाडेकरार, टोलची पावती किंवा नोकरीचे नेमणूकपत्र, फोनमध्ये ठेवलेला बरा.

गाडी वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असणे हा गुन्हा नाही. अडचण येते ती मोबाइल क्रमांकाची. ई-चलनाचा संदेश नोंदणीच्या वेळी दिलेल्या क्रमांकावर जातो, आणि तो क्रमांक गावाकडे असतो किंवा केव्हाच बंद पडलेला असतो. कर्वे रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने टिपलेली चलने अशी वर्षभर साचत राहतात आणि पहिल्यांदा गाडी अडवली जाते तेव्हा एकदम समोर येतात. पुण्यात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात महाट्रॅफिक या राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून जुनी चलने पाहून घ्यावीत आणि परिवहनच्या संकेतस्थळावर चालू मोबाइल क्रमांक नोंदवावा.

थांबण्याचा इशारा झाल्यावर

वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाच्या सूचना पाळणे कलम ११९ नुसार बंधनकारक आहे, त्यामुळे पळ काढण्याचा किंवा गल्लीत वळण्याचा विचारही करू नये. डावीकडे इंडिकेटर देऊन गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि चावी स्वतःजवळ ठेवावी. पोलिसाने गाडीची चावी काढून घ्यावी असे सांगणारे कोणतेही कलम मोटार वाहन अधिनियमात नाही. तरीही कोणी चावीला हात घातला तर झटापट करू नये. "साहेब, मी थांबलो आहे, गाडी बंद आहे, चावी माझ्याकडेच राहू द्या," एवढे शांतपणे म्हणावे.

त्यानंतर समोरची व्यक्ती कोण आहे ते पाहावे. कलम १३० नुसार परवाना मागण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला आहे. मोटार वाहन विभागाचे, म्हणजे आरटीओचे, अधिकारीही कागदपत्रे तपासू शकतात. पुण्याच्या चौकांत पांढरा शर्ट आणि खाकी पँट घातलेल्या वाहतूक पोलिसांच्या जोडीला ट्रॅफिक वॉर्डनही उभे असतात. वॉर्डनने हात दाखवला तर थांबावे, कारण तो वाहतूक नियमनाला मदत करत असतो, पण तो पोलीस नाही. त्याने परवाना मागितल्यास "पोलीस साहेबांना दाखवतो" असे सांगून गणवेशातील पोलिसाकडे जावे. साध्या कपड्यांतील कोणी परवाना मागत असेल तर त्यालाही हेच उत्तर द्यावे. गणवेशावरील नावाची पट्टी वाचून नाव लक्षात ठेवावे. पट्टी दिसत नसेल तर नाव विचारण्यात काहीच गैर नाही. पुण्यात वाहतूक पोलिसाला पाठीमागे "मामा" म्हणण्याची पद्धत सर्वत्र आहे. समोर मात्र "साहेब" किंवा "मॅडम" म्हणावे, बोलणे लवकर आटोपते.

परवाना नाही आणि परवाना जवळ नाही

या दोन गोष्टींत मोठा फरक आहे आणि चौकातल्या घाईत तो नेमका हरवतो. ज्याने परवाना काढलेलाच नाही त्याने कलम ३ चा भंग केलेला असतो, आणि त्यासाठी कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड आहे. शिवाय अशी गाडी ताब्यातही घेता येते. परवाना आहे पण तो घरी राहिला, फोनची बॅटरी संपली, कार्ड दुसऱ्या पाकिटात होते, अशा वेळी गुन्हा परवाना सादर न करण्याचा असतो. तो कलम १३० खाली येतो आणि त्याचा दंड बराच कमी असतो. पोलिसाकडील यंत्रात परवाना क्रमांक टाकला की तपशील दिसतो, म्हणून परवान्याचा क्रमांक पाठ असावा, किमान तो कुठेतरी लिहून ठेवावा. चलन हाती आल्यावर त्यावर १८१ लिहिले आहे की दुसरे काही, हे तेथेच वाचावे आणि चुकीचे कलम लागले असेल तर लगेच निदर्शनास आणावे. एकदा पैसे भरले की कलम मान्य केल्यासारखेच होते आणि नंतर ते बदलून घेणे फार जिकिरीचे असते.

विम्याच्या बाबतीतही तारीख नीट पाहावी. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा (अपघातात दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीसाठीचा) ५ वर्षांचा आणि मोटारीचा ३ वर्षांचा असतो, त्यामुळे "माझा विमा संपला आहे" म्हणणाऱ्याचा केवळ स्वतःच्या नुकसानीचा भाग संपलेला असू शकतो. कायद्याने तृतीय पक्ष विमाच सक्तीचा आहे. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही.

हेल्मेटबद्दल पुण्यात वाद घालण्याची जुनी परंपरा आहे, १ जानेवारी २०१९ पासून सुरू झालेल्या कारवाईच्या वेळीही मोठा विरोध झाला होता, आणि नवागताला पहिल्याच दिवशी कोणीतरी "इथे कोणी घालत नाही" असे सांगतेच. कलम १२९ पुण्याला लागू होत नाही असे कुठेही लिहिलेले नाही. मागे बसणाऱ्यालाही ते लागू आहे, आणि कलम १९४-ड नुसार दंडाबरोबर परवाना तीन महिने अपात्र ठरू शकतो. फोनच्या बाबतीत मात्र एक सवलत आहे: रस्ता शोधण्यापुरता फोन वापरण्यास, चालकाचे लक्ष विचलित होत नसेल तर, ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनी परवानगी दिली आहे. हँडलवरच्या होल्डरमध्ये नकाशा सुरू असेल तर तसे नम्रपणे सांगता येते. एका हातात फोन धरून गाडी चालवणाऱ्याला हा बचाव उपयोगी पडत नाही.

चलन आणि पैसे

चलन फाडले जाते तेव्हा जी रक्कम सांगितली जाते तिला तडजोड शुल्क म्हणतात. महाराष्ट्राने नव्या दरांची अधिसूचना डिसेंबर २०२१ मध्ये लागू केली. सिग्नल तोडल्याबद्दल पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास १,५०० रुपये अशी त्यातील आकारणी आहे. तडजोड ऐच्छिक असते. आरोप मान्य असेल तर शुल्क भरून प्रकरण मिटवता येते, आणि मान्य नसेल तर "चलन करा, मी न्यायालयात म्हणणे मांडतो" असे सांगता येते. चलन नाकारणे आणि तडजोड नाकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिसाला चलन करण्यापासून अडवू नये, ते होऊ द्यावे आणि त्याचा क्रमांक घ्यावा.

पैसे भरायचे असतील तर ते पोलिसाच्या हातातील ई-चलन यंत्रावर कार्डाने किंवा यंत्रावर दिसणाऱ्या क्यूआर कोडने भरावेत, किंवा नंतर महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर भरावेत. कोणा व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर यूपीआय करू नये. रक्कम भरल्यावर चलनाचा संदेश येतो आणि त्यात चलन क्रमांक, गाडीचा क्रमांक, कलम व रक्कम असते. तो संदेश येईपर्यंत जागा सोडू नये. पावती न देता कमी रकमेत मिटवण्याची सूचना कोणाकडूनही आली तर ती सरळ नाकारावी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. लाच देणे भाग पाडले गेले असेल तरच त्याला संरक्षण मिळते, तेही सात दिवसांच्या आत तक्रार केली तर. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक यासाठीच आहे.

जुनी चलने थकलेली असल्याचे यंत्रावर दिसले की "आधी सगळी भरा, मग गाडी न्या" असे ऐकायला मिळू शकते. गाडी ताब्यात घेण्याची कारणे कलम २०७ मध्ये दिलेली आहेत: चालकाकडे परवानाच नसणे, त्याचे वय कमी असणे, गाडीची नोंदणी नसणे, आणि व्यावसायिक वाहनाला परमिट नसणे किंवा परमिटच्या अटींचा भंग होणे. थकीत चलन त्या यादीत नाही. हे सांगताना आवाज चढवू नये. गाडी ताब्यात घेणार असाल तर कोणत्या कलमाखाली घेत आहात ते लिहून द्या, अशी विनंती पुरेशी असते. थकबाकी खरी असेल तर मात्र ती निकाली काढावीच लागते. लोक अदालतीत अशी प्रकरणे तडजोडीला ठेवली जातात.

परवाना जप्त केला तर कलम २०६ नुसार त्याची पोच मिळते, आणि त्या पोचेवर दिलेल्या मुदतीपर्यंत गाडी चालवता येते. पोच न घेता परवान्याचे कार्ड कोणाच्याही हाती सोडून जाऊ नये. दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन "काल एका साहेबांनी घेतले होते" असे सांगणाऱ्याला ते शोधण्यातच दिवस घालवावा लागतो.

रात्रीची नाकाबंदी

शनिवारी रात्री कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर किंवा फर्ग्युसन रस्त्याच्या परिसरात बॅरिकेड लावून श्वासचाचणी होते. चालकाने मद्यपान केल्याचा वाजवी संशय असेल तर कलम २०३ खाली ही चाचणी मागता येते. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. फुंकण्याची नळी नवी आहे का हे पाहावे, नसल्यास बदलून मागावी, आणि यंत्रावर आलेला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. नकार देण्यात शहाणपण नाही. नकार दिल्यास आणि संशयाला आधार असल्यास विनावॉरंट अटक होऊ शकते, शिवाय तो नकार खटल्यात विरुद्ध वापरला जातो.

आकडा मर्यादेपेक्षा जास्त आला तर जागेवर दंड भरून सुटण्याचा मार्ग कायद्यात नाही, कारण कलम १८५ चा गुन्हा तडजोडीच्या यादीत येत नाही. प्रकरण न्यायालयातच जाते आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे रस्त्यावर कोणी "दहा हजारांचे पाच करू" असे म्हणत असेल तर तो दंडाचा हिशेब नव्हे, हे ओळखावे. अटक केली असेल तर कलम २०२ नुसार दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, अन्यथा सोडून द्यावे लागते. म्हणून अटकेची वेळ घड्याळात पाहून ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर घरी कळवावी. अटकेचे कारण समजण्याचा, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याचा, वकिलाशी बोलण्याचा आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाण्याचा हक्क कोणत्याही अटकेत असतोच. या अधिनियमाखाली विनावॉरंट अटक धोकादायक वाहन चालवणे, मद्यपान करून चालवणे आणि परवानगीविना दुसऱ्याचे वाहन नेणे यांसारख्या मोजक्याच गुन्ह्यांत करता येते. पीयूसी संपली म्हणून अटक होत नाही.

कागदपत्रे दाखवणे म्हणजे डिकी आणि बॅग तपासू देणे नव्हे. कलम १३० मधून झडतीचा अधिकार निघत नाही. नाकाबंदीत अन्य कायद्याखाली झडती घ्यायची असेल तर तिचे कारण विचारावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. डिकी उघडायचीच असेल तर ती स्वतः उघडावी आणि शेवटपर्यंत जवळ उभे राहावे. महिलेची अंगझडती फक्त महिला पोलिसच घेऊ शकते.

चित्रीकरण आणि बोलणे

सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांशी होणाऱ्या संभाषणाचे चित्रीकरण करण्यास मोटार वाहन अधिनियमात बंदी नाही. पोलीस ठाण्यात केलेले चित्रीकरणसुद्धा शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तरी फोन कोणाच्या चेहऱ्यासमोर नाचवू नये, कामात अडथळा येईल इतके जवळ जाऊ नये. शासकीय सेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी अंगावर जाणे किंवा बळ वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली दखलपात्र गुन्हा आहे, आणि ५०० रुपयांच्या चलनावरून सुरू झालेला वाद या कलमापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे कमी नाहीत. दुसऱ्या बाजूने, वाहतूक पोलिसांनी कारवाईचे फोटो स्वतःच्या खासगी मोबाइलवर काढू नयेत, असे परिपत्रक राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने २०२५ मध्ये काढले आहे. फोटो ई-चलन यंत्रावरच काढावा, असे विनंतीच्या सुरात सांगता येते.

उभी गाडी उचलली तर

लक्ष्मी रस्ता आणि पेठांच्या भागात पी-१ आणि पी-२ अशा पाट्या असतात: सम-विषम तारखांप्रमाणे रस्त्याच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला गाडी लावायची. पाटी वाचली नाही की गाडी टोइंगच्या टेम्पोवर जाते. टोइंगची कारवाई गणवेशातील पोलिसाच्या उपस्थितीत व्हावी लागते. गाडीवर माणूस बसलेला असताना ती उचलू नये हे उघड आहे, तरी ऑगस्ट २०२१ मध्ये नाना पेठेत स्वारासह दुचाकी उचलल्याची चित्रफीत गाजली होती. गाडी जागेवर दिसली नाही तर प्रथम जवळच्या वाहतूक विभागात चौकशी करावी, मग चोरीची तक्रार. गाडी सोडवताना ओरखडे, आरसे आणि हँडल तपासावेत, दंड व टोइंगच्या शुल्काची पावती घ्यावी.

नंतर येणारे चलन आणि तक्रार

कॅमेऱ्यावरून झालेल्या चलनाबाबत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला नियम १६७-अ महत्त्वाचा आहे. त्यानुसार नोटीस गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत पाठवावी लागते, आणि चलनात गुन्हा व नंबरप्लेट स्पष्ट दिसणारे छायाचित्र, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम असावे लागते. वेगमर्यादेचे चलन असेल तर यंत्राने मोजलेला वेगही हवा. छायाचित्र उघडून बारकाईने पाहावे, कारण एखाद्या आकड्याच्या फरकामुळे दुसऱ्याच गाडीचे चलन आपल्या नावावर येते. रंग, मॉडेल किंवा स्वार वेगळा दिसत असेल तर महाट्रॅफिकच्या अ‍ॅपमधील तक्रारीच्या भागात चलन क्रमांकासह आपल्या गाडीचा पुढून व बाजूने काढलेला फोटो आणि आरसी जोडावी.

पोलिसाच्या वर्तनाविषयी तक्रार असेल तर चौकात वाद वाढवण्यापेक्षा त्याच दिवशी लेखी अर्ज करावा. पुणे शहराच्या हद्दीतील अर्ज येरवड्यातील वाहतूक शाखेत द्यावा. हिंजवडी, वाकड, निगडी हा भाग ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे, त्यामुळे तेथील अर्ज तिकडे द्यावा लागतो. चुकीच्या आयुक्तालयात गेलेला अर्ज केवळ पुढे पाठवण्यातच वेळ खातो. अर्जात तारीख, वेळ, चौकाचे नाव, गणवेशावरील नाव, चलन क्रमांक आणि घडलेला प्रकार क्रमाने लिहावा, विशेषणे टाळावीत, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा.